नसीमआपा आणि खोटारडा सेन्सर

नसीमआपांच्या गॅरेजात गाडी नेली, की तिला काय झालंय हे सांगायची सोय नाही. तुम्ही तोंड उघडलंत की आपा हात वर करतात. "तुम्ही चूप बसा. तिले सांगू द्या."

चिखलीत त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. आयटीआयमध्ये वीजकाम शिकवून आपा निवृत्त झाल्या आणि अंगणात पत्रे टाकून त्यांनी विजेवरच्या गाड्यांचं गॅरेज काढलं. आधी गल्ली हसली. आता पार वरवट बकालहून रिक्षा येतात.

या उन्हाळ्यात माझी इलेक्ट्रिक कार चढावर झटके देऊ लागली. मोटर गेली, असं ज्याचं त्याचं मत पडलं. मीही तेच धरून बसलो होतो.

आपा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसल्या. चढ लागला, गाडी थरथरली.

"मास्तर, मोटर बेकसूर हाय."

"मग झटके कशाचे?"

"मोटरीत तीन तारांतून करंट जाते. किती जाते, ते सेन्सर गाडीच्या डोक्याले सांगते. एखादा खोटं बोलला का डोकं बिथरते, अन् मोटरीले उगाच दामटते."

गॅरेजात त्यांनी गाडी चालू करून नुसती उभी ठेवली. मोटर फिरत नाही, म्हणजे तिन्ही तारांचा आकडा शून्य हवा. लॅपटॉपवर दोन शून्य दिसले. तिसरा सेन्सर मात्र करंट वाहतोय म्हणून सांगत होता. आपा टाळी वाजवून ओरडल्या, "पाहा, पाहा! गाडी उभी, अन् हा पळून राह्यला!"

त्यांनी वायर तपासली, पिना पुसल्या. आकडा हलला नाही. मग सेन्सर बदलला, आणि गाडी त्याच चढावर लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो.

"काऊन पाहून राह्यले? चाला, चाय घ्या."

घरात आपांचे पती युसूफभाई खाटेवर होते. एके काळी बीबी गावच्या रस्त्यावर जीप चालवायचे. लकव्यानंतर वाचा गेली. ते हातानं खाट बडवत होते.

"पानी पायजे? पंखा लावू? उशी बदलू?"

प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवली, नाही. आपा खाटेशी जमिनीवर बसल्या. इतका हरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"रोज असंच होते, मास्तर. ह्यायले काय पायजे, मलेच समजत नाई."

युसूफभाई दाराबाहेर, माझ्या गाडीकडे बघत होते. आपांनी नजरेचा माग घेतला. "गाडीत बसाचं?" त्यांनी आपांचा हात घट्ट दाबला.

आम्ही दोघांनी त्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं. गाव मागे पडलं तसा त्यांनी चांगला हात खिडकीबाहेर काढला.

"वारा लागते का? काच लावू?" मागून आपांनी विचारलं.

त्यांनी जोरानं मान हलवली, नाही. आपांनी पुढं वाकून स्वतःचा रुमाल त्यांच्या कानांभोवती गुंडाळला आणि मला हळूच म्हणाल्या, "अजून जरा पुढं जाऊ द्या, मास्तर."