अंगण जलपिंपळीस दिले त्याची हकीकत

श्रीगणरायास वंदन, भूमातेस वंदन, आणि भूमातेस बिलगून राहणाऱ्या लहानसहान वेलींसही वंदन करून हे वर्तमान लिहावयास घेतले ऐसे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी चार इमारती आणि छप्पन्न बिऱ्हाडे यांचे एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही. फाटकावर पाटी आहे, ज्यास पाहणे त्याने जाऊन पाहावे. त्या राज्याचे मध्यभागी एक अंगण, आणि अंगणात विलायती हिरवळ, ती विकत आणून सतरंजीसारखी अंथरिलेली. हिरवळीस पाणी बहुत लागे, आणि उन्हाळ्यात टँकर आला म्हणजे ते माणसांनी प्यावे की गवताने, ऐसा पेच पडे, मग माणसे प्याली आणि गवत वाळून कोळ जाहले. तेव्हा राज्याचे चेअरमन श्रीमंत दिगंबरराव घाटपांडे सरकार यांनी सर्वसाधारण सभेचा दरबार भरविला आणि आज्ञा केली जे, अंगण उकरून पेव्हर ब्लॉक बसवावे, वर बारा गाड्या सुखाने उभ्या राहतील. दरबाराने माना डोलाविल्या, आणि न डोलाविणाऱ्या एक कुमुदबाई पोतनीस निघाल्या.

या कुमुदबाई शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त जाहलेल्या, तळमजल्यास एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांचे खिडकीपुढे हेच एक अंगण. सकाळी उठून मातीचे दर्शन घडावे ऐसे एवढेच ठिकाण त्यांस उरले होते, त्यावर आता सिमेंट पडणार होते. मग त्या उभ्या राहून बोलिल्या, "घाटपांडे, मला एक पावसाळा द्या. आपल्याकडची जलपिंपळी लावते. कालव्याच्या काठाला आपली आपण उगवते, पाण्यासाठी रडत नाही, वर फुलं देते." सरकार बोलिले, "अहो बाई, रानातलं तण आणून सोसायटीत लावणार?" बाई बोलिल्या, "तण म्हणजे काय हो? ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही ते!" दरबार खो खो हसला आणि सरकार लाल जाहले, आणि चारचौघांत नाही म्हणवेना, मग करार ठरला जे, कोजागिरीचे सकाळी अंगणभर वेल आणि फुले दिसली तर अंगण बाईंचे, माती उघडी दिसली तर ब्लॉकवाला त्याच दिवशी कामास लागेल.

ज्येष्ठाचा पाऊस पडताच बाईंनी मोहीम काढिली. राज्याचे माळी पांडोजी शेळके यांस संगे घेऊन त्या रिक्षातून कालव्यावर गेल्या, आणि ओल्या गोणपाटात जलपिंपळीच्या काड्या बांधून आणिल्या, आणि मेलेली हिरवळ खरवडून वीत वीत अंतराने लाविल्या. पान नखाएवढे, त्यास कडेने दाते. फूल म्हणजे मिरीएवढा जांभळा गोंडा आणि त्याभोवती पांढऱ्या इवल्या फुलांचे कडे. बाई पहिले फूल पाहून टाळी वाजवित्या जाहल्या.

आता चूक जाहली ती सांगणे प्राप्त. एकतीस वर्षे प्रयोगशाळेत "कशालाही हात लावायचा नाही" हे बोलून बोलून बाईंची जीभ आणि स्वभाव दोन्ही तसेच वळले होते. त्यांनी अंगणाभोवती दोरी बांधिली, आणि "आत पाय ठेवू नये" ऐसी पाटी लाविली, आणि खिडकीत खुर्ची टाकून पहाऱ्यास बसल्या. चेंडू आत गेला तो जप्त जाहला, मांजर गेले ते हुसकिले, आणि खुद्द सरकारांची खासा स्वारी दोरीवरून एक पाऊल टाकिती जाहली, तेव्हा खिडकीतून "पाय!" एवढाच शब्द आला आणि सरकार शाळकरी पोरासारखे मागे सरले. श्रावण गेला आणि भाद्रपद गेला, आणि वेल वाढली खरी, परंतु भुई सोडून वर वर उठली, किडकिडीत आणि लांबच लांब, आणि फुले जागोजाग दोन-चार, आणि मधून मातीचे टक्कल. पांडोजी बोलिला, "बाई, लई लाड झालं हिचं. कालव्यावर म्हशी जात्यात हिच्या अंगावरनं, शेरडं जात्यात, तवा कुठं ती भुईला धरून ऱ्हाती." बाई बोलिल्या, "मग इथे म्हशी आणू का मी?" आणि खिडकी धाडकन लाविली. परंतु मनातून बाईंचे धाबे दणाणले होते.

पुढे आश्विन लागला, घट बसले, आणि तृतीयेस राज्यातील लेकीसुनांचा भोंडला. तो दरसाल गच्चीवर होई, परंतु गळती काढण्यास त्याच सकाळी गच्चीवर डांबर ओतिले होते, आणि खाली जिकडेतिकडे गाड्या. मग दुसऱ्या मजल्याची वृषाली बेडेकर काखेत पाट धरून, पाटावर खडूने हत्ती काढिलेला, मागे वीस-पंचवीस मुलीबायका, ऐशी दोरीपाशी येऊन उभी राहिली. "कुमुदताई, जागाच नाही कुठे. तुमचं अंगण मागायला जीभ रेटत नाहीये. नाही म्हणालात तर खिरापत वाटून घरी जातो, रागावणार नाही कुणी." बाईंनी वेलीकडे पाहिले, आणि मुलींच्या परकरांकडे पाहिले, आणि कोजागिरी अवघी बारा दिवसांवर. मग त्या आत गेल्या, आणि सर्वांस वाटले रुसल्या, तो कात्री घेऊन आल्या आणि आपल्या हाते दोरी कापिली. "या आत. भोंडला चुकवायचा नाही. अंगणाचं माझं मी बघीन."

मग मधोमध हत्ती मांडिला आणि फेर धरिला, आणि पन्नास पाय वेलीवरून गोल गोल फिरले, आणि बाई कडेला उभ्या राहून एकेक काडी चेंगरताना पाहत होत्या, तो वृषालीने हात धरून त्यांसही आत ओढिले, आणि जे जाणार ते जाणारच म्हणून बाईही हातचे न राखता नाचल्या. खिरापत वाटली डाळ निघाली, ती कोणास ओळखता आली नाही. आणि डाळ संपते न संपते तो हस्ताचा पाऊस कोसळला, आणि चिखल जाहला, आणि तुडविलेली वेल चिखलात बसली. बाई घरी येऊन पाय धुता धुता रडल्या. अंगण गेले, ऐसा निश्चय त्यांनी केला.

आठवे दिवशी पांडोजी खिडकी वाजवून बोलिला, "बाई, जरा भाईर या बिगीबिगी." पाहतात तो वेल जिथे जिथे चेंगरून मातीस टेकली, तिथे तिथे पेरापेरास मुळी फुटली, आणि प्रत्येक मुळीपासून नवी फांदी, आणि फांदी भुईस घट्ट. बाई चष्मा पुसून पुन्हा पाहत्या जाहल्या आणि बोलिल्या, "पांडोजी, मी गाढव आहे." पांडोजी शहाणा, खुरपे उचलून कामास लागला.

कोजागिरीचे सकाळी दिगंबरराव सरकार ब्लॉकवाल्यास घेऊन आले, त्याचे हाती नमुन्याचा एक ब्लॉक. अंगणात माती दिसेना. सरकार गुडघे कडकडा वाजवीत खाली बसले आणि पाने बोटांनी बाजूस सारून माती धुंडू लागले, आणि तिथे फुले निघाली, आणि फुलांवर मधमाश्या, त्यांस सरकारांचे भय नाही. सरकार बसल्या बसल्याच बोलिले, "हरलो बाई. आता काय, पुन्हा आत पाय ठेवू देणार नाही ना आम्हाला?" बाई बोलिल्या, "चपला काढा आधी. रोज अनवाणी एक फेरी घालायची. तुमच्यासारखा वजनदार माणूस हवाच आहे मला!" सर्व हसले आणि सरकारही हसले, आणि चपला काढून चालू लागले, आणि एक फेरी पुरी जाहल्यावर कोणी न सांगता दुसरीस निघाले. मग ब्लॉकवाल्याने कोणाकडे न पाहता ब्लॉक कडेस ठेविला, बूट काढिले, मोजे काढिले, आणि तोही मागोमाग चालू लागला.

येणेप्रमाणे राज्याचे अंगण राहिले. युद्ध जाहले नाही, कोणी पडले नाही, पाय तेवढे मळले. चार मास एकटीने राखिले तेव्हा हातचे जात होते, एके संध्याकाळी सर्वांचे पायी घातले तेव्हा हाती आले. जाहले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.