नत्थूजींच्या शेजारचं स्टूल

नत्थूजींकडे घड्याळ दुरुस्तीला नेलं की गिऱ्हाइकाला शेजारच्या स्टुलावर बसावंच लागे. 'ठेवून जातो, संध्याकाळी येतो,' म्हणायची तिथे सोय नव्हती. 'बसा. तुमची घडी तुमच्यासमोर उघडतो,' असं म्हणून ते झाकण काढत. मग पांढऱ्या बशीत एकेक पुर्जा ठेवताना त्याचं नाव सांगत, त्याला काय झालंय ते सांगत, आणि आपण समजल्यासारखी मान हलवली की विचारत, 'काय समजलं? सांगा बरं.' मी शाळामास्तर. हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारला. मला तो विचारणारा माणूस महाल या शहरातल्या जुन्या वस्तीतल्या त्या वीतभर दुकानात भेटला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. घड्याळजी आतला अस्सल पुर्जा काढून घेतो आणि भंगार बसवतो, असा तेव्हा लोकांना पक्का संशय असे. सासऱ्याने लग्नात दिलेलं घड्याळ माणूस अगदी नाइलाज झाल्यावरच दुसऱ्याच्या हाती देई. घड्याळजीही काचेच्या पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसत. नत्थूजीही बरीच वर्षं तसेच बसत म्हणे, आणि दिवसाकाठी दोन गिऱ्हाइकं आली तरी पुष्कळ होत. मग एके दिवशी त्यांनी मधली पेटी भिंतीला सरकवली, टेबल रस्त्याकडे वळवलं आणि दोन स्टुलं मांडली. असं का केलं विचारलं तर एकच उत्तर मिळे, 'झाकून काहून ठेवाचं?'

स्टुलावर बसलेल्या माणसाला ते घड्याळ उघडून दाखवत आणि बोलता बोलता त्यालाही उघडत. घरी कोण कोण, आज भाजी कोणती, पोरीच्या सोयरिकीचं कुठवर आलं. माझ्या पहिल्याच खेपेला अर्ध्या तासात त्यांना कळलं होतं की मला भेंडी आवडत नाही, बायको ती दर गुरुवारी करते, आणि मी मुकाट्याने खातो.

'मंग सांगून टाका न वहिनीले.'

मी म्हटलं, अकरा वर्षं झाली, आता कुठल्या तोंडाने सांगू. नत्थूजींनी चिमटा खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढे मी दिसलो की आधी भेंडीची चौकशी, मग घड्याळाची.

गंमत म्हणजे या चौकशांना कुणी कंटाळत नसे. घड्याळात काही बिघाडच नसेल तर ते तोंडावर सांगत, 'याले काही झालं नाही. तुमी चाबी देत नाही, घडी काय करन?' आणि माणसाला तसंच परत पाठवत. असा परत गेलेला माणूस पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येई. कामठीचे विणकर येत, कन्हानचे खाणीतले लोक सुटीच्या दिवशी येत. घड्याळ नसलेलेही दोघे-तिघे रोज येऊन बसत.

एकदा मात्र सगळं बुडायची वेळ आली होती. एका वकिलांनी वडिलांचं सोनेरी घड्याळ तेल द्यायला आणलं. बसायला त्यांना वेळ नव्हता. समोरच्या हॉटेलात ते चहा प्यायला गेले. नत्थूजींनी घड्याळ उघडलं, चिमटा किंचित सटकला आणि आतल्या चाकाचा केसाएवढा आस तुटला. दुसऱ्या स्टुलावर मीच होतो. आणखी कुणी पाहिलं नव्हतं. आज सांगायला लाज वाटते, पण मी हळूच म्हणालो, आधीच तुटलेला होता म्हणा.

परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराकडे मी जसं बघतो, तसं नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. वकील आल्यावर उभं राहून म्हणाले, 'वकीलसाहेब, घडी चालत आली होती. आस माझ्या हातून तुटला.'

वकिलांनी भर रस्त्यात त्यांचा उद्धार केला. दुकान बंद पाडीन म्हणाले. नत्थूजी ऐकत राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते पाहून मला वाटलं, दुकान वकिलांनी नाही तरी हे स्वतःच बंद पाडणार. नवं गिऱ्हाईक बसलं की ते आधीच सांगून टाकत, माझ्या हातून अशी अशी घडी तुटली, तरी द्यायची असेल तर द्या. लोक जरा थबकत. आणि मग देत.

तो आस इतवारीचा सगळा बाजार पालथा घालूनही मिळेना. शेवटी नत्थूजींनी तो स्वतः पोलादाच्या तारेतून घासून केला. सहा मोडले, सातवा बसला. वकील घड्याळ न्यायला आले तेव्हा प्रथमच स्टुलावर टेकले आणि म्हणाले, 'दाखवा, कसा केला.' तासभर बसले. त्या महिन्यात निम्मं कोर्ट महालात येऊन गेलं आणि नत्थूजींना तिसरं स्टूल आणावं लागलं.

सगळ्या महालाची खबर ठेवणारा हा माणूस स्वतःच्या घराबद्दल मात्र अवाक्षर काढत नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एकदा दुकान सलग दोन दिवस बंद दिसलं, म्हणून शाळा सुटल्यावर मी पत्ता विचारत गाडीखाना वस्तीतल्या त्यांच्या घरी गेलो. नत्थूजींनी दार उघडलं. हात ज्वारीच्या पिठाने भरलेले.

'हिले ताप होता,' ते म्हणाले आणि बाजूला झाले.

आत खाटेवर त्यांची बायको पडून होती. वच्छलाबाई. कमरेखालचं अंग गेल्याला नऊ वर्षं झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं.

'मास्तर न? आईच्या डोयाची पट्टी सुटली का?'

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मी मागच्या आठवड्यात फक्त नत्थूजींच्या कानावर घातलं होतं. मी हो म्हणालो. मग त्यांनी कामठीच्या विणकराच्या सुनेचं विचारलं, ती माहेरून परत आली का. त्या सुनेबद्दल मला काही माहीत नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं.

'यायले बोलाचंच माहीत नव्हतं, मास्तर,' त्या हसून म्हणाल्या. 'लग्न झालं तवा दिवसाचे चार शब्द. मी पडली, अन् मंग हे लोकायले विचारू लागले. रोज संध्याकाळी येऊन सांगतेत. मी इथूनच सारा महाल पाहून राहिली.'

नत्थूजी आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसले होते. भाकरी थापत होते.

दुकान दोन दिवस बंद होतं. म्हणजे वच्छलाबाईंनाही दोन दिवस कुणाची खबर नव्हती. मी स्टूल शोधलं, ते घरात नव्हतं. मग खाटेजवळ जमिनीवरच मांडी घातली आणि महालातल्या बडकस चौकात आज सकाळी काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लागलो.