चकाकीवंचित

पहिलीच्या बाई निवृत्त होणार होत्या. निरोपाला काय हवं, असं शाळेने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, शाल-बिल नको, माझ्या शेवटच्या वर्गाचा फोटो मोठा करून सभागृहात लावा. फोटो काढूनही झाला होता. वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलेली एक मुलगी त्यात चक्क दात दाखवून हसली होती. ऐन क्षणी फोटोवाल्यांची टोपी त्यांच्याच नाकावर घसरली, त्याचा हा परिणाम. ती उभी होती उजव्या कोपऱ्यात. पोरगी मोठी झाली की कधीतरी तिथून जाईल आणि तिला कळेल की आपणही हसलो होतो, एवढाच बाईंचा हट्ट.

फोटोवाल्यांनी साधा प्रश्न केला, कागद मॅट की ग्लॉसी? मुख्याध्यापकांनी आजवर एकट्याने निर्णय घेण्याचं पाप केलेलं नव्हतं. विषय रीतसर समितीपुढे गेला.

अध्यक्ष उखडलेच. "बाईंचा फोटो मॅटवर? म्हणजे लोकांनी काय, पाय पुसायचे त्याला?"

मॅट म्हणजे न चमकणारा कागद, असं फोटोवाल्यांनी समजावलं. अध्यक्षांना ते पटलंही, पण सभेत एकदा व्यक्त झालेली भावना मागे घेण्याची तरतूद नव्हती. पुन्हा घोटाळा नको म्हणून कामकाजात 'चकाकीयुक्त' आणि 'चकाकीवंचित' हेच शब्द वापरावेत असं ठरलं. आता वंचिताच्या बाजूने उभं कोण राहणार?

बाईंनी हात वर केला. मुलांना शिकवता शिकवता तो त्यांच्याच अंगवळणी पडला होता. सभागृहाच्या खिडकीतलं ऊन नेमकं त्याच भिंतीवर येतं, चमकत्या कागदावर उजवीकडचं काही दिसायचं नाही, हे त्यांनी पहिलीला सांगावं तितक्या सावकाश सांगितलं. समितीने सूचनेचं स्वागत केलं आणि दोन्ही नमुने मागवले.

पाहणीच्या दिवशी चकाकीयुक्त नमुना भिंतीवर लखलखत होता. उपाध्यक्षांनी त्यापुढे उभं राहून कॉलर सारखी केली. खजिनदारांनी दातात अडकलेलं काहीतरी काढलं. फोटो फारच जिवंत आलाय, यावर एकमत झालं.

"साहेब, कोपऱ्यातली मुलगी दिसतेय का?" बाईंनी विचारलं.

अध्यक्ष पुढे झुकले, मागे सरले, मिशीवरून बोट फिरवलं. "मला तर मी दिसतोय," ते म्हणाले. "म्हणजे स्पष्टच आहे की."

मग दुसऱ्या नमुन्याची चौकशी झाली. शिपाई म्हणाला, "मॅट ना? दारात टाकलंय की सकाळीच."

आत येताना प्रत्येक सदस्याने बूट शिस्तीत पुसले होते. समितीने याचीही दखल घेतली. सदर कागदाने चिखल उत्तम टिपला असून अध्यक्षांची मूळ भावना योग्यच होती, असं नमूद करून चकाकीयुक्त फोटो मंजूर झाला.

बाईंनी दारातला कागद उचलला आणि ओल्या फडक्याने हलकेच टिपला. मुलांच्या दोन ओळींवर बुटाचे ठसे राहिले ते राहिलेच. कोपरा मात्र वाचला होता. त्यांनी तो फोटो पहिलीच्या वर्गात लावला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली, त्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली, "बाई, मी."

सभागृहातला फोटो अजून आहे. त्यात नेमकं कोण आहे हे आजवर कुणी सांगितलेलं नाही, पण पाहणारा प्रत्येक जण खूश होऊन जातो. समितीला तुम्ही खुशाल हसा. फक्त त्याआधी घरातला एखादा जुना वर्गाचा फोटो काढा, मॅट असो की ग्लॉसी, आणि बघा, तुमचं बोट आधी कुणावर जातं.