मालुबाईंचं सहा तासांचं विमान

उचगावच्या भरमाअण्णांना वेळेचं कुणी काही शिकवायचं नाही. तीस वर्षं ते बेळगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठं किती वाजता पोचणार, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. त्यामुळं लेकीच्या बाळंतपणाला त्यांची बायको मालुबाई एकटीच लंडनला निघाली, तेव्हा तिकीट वाचायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. बंगळूर सकाळी सात, लंडन दुपारी एक. म्हणजे सहा तास. अंतर आठ हजार किलोमीटर. ताशी तेराशेच्या वर वेग पडत होता, पण विमानच ते, त्याला काय खड्डे लागणार आहेत!

"एकच्या ठोक्याला पिशवी घिऊन दारात हुबी ऱ्हा," त्यांनी बायकोला बजावलं. "आपल्यामुळं मागच्यांचा खोळंबा नगं."

पुतण्या रविराजनं विमान वेळेवर सुटल्याचं कळवलं आणि तो कामाला गेला. एक वाजला. फोन नाही. दीडला अण्णांनी चपला घातल्या, आणि जायचं कुठं ते सुचेना म्हणून परत काढल्या. दोनला ते अंगणात येरझाऱ्या घालू लागले, तेव्हा शेजारच्या गुणाबाईनं कारण विचारलं. तीनपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की मालुबाईंचं विमान लेट आहे. बातमी वेशीपर्यंत जाऊन परत आली तोवर विमान सापडत नव्हतं. खानापूरहून मेव्हणा रवळू मोटारसायकल हाणत आला. गुणाबाईनं डोळ्याला पदर लावला. लेकीला फोन करा, असं सगळेच म्हणत होते. पण दिवस भरलेल्या पोरीला घाबरवायचं नाही म्हणून अण्णांनी मोबाइल मुठीत गच्च धरून ठेवला. चाळीस वर्षांत तिला एकटीला कधी निपाणीलासुद्धा धाडलं नव्हतं, हे मात्र ते येईल त्याला सांगत राहिले.

साडेसहाला फोन वाजला. लेक तेजस्वी म्हणाली, आई पोचली, विमान अगदी वेळेवर आलं. अण्णा भडकलेच. एकची गाडी आणि वेळेवर कसली? मग तिनं समजावलं, की तिकिटावरचा एक हा लंडनच्या घड्याळातला, आणि ते उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. विमानाला साडेदहा तास लागतात.

तेवढ्यात मालुबाईंनी फोन ओढून घेतला. "तुमी सांगितल्यावानी मी एकला पिशवी घिऊन दारात हुबी. त्या इमानातल्या पोरीनं हाताला धरून बसीवलं. परत उठले. चार येळा उठले. खाली निस्तं ढग!"

अण्णांनी हळूच विचारलं, "च्याची साखर कुठं ठेवलीस गं?"

"आत्ता कशाला साखर?"

अण्णांनी घराच्या पुढच्या सोप्यावर नजर फिरवली. "चौदा माणसं आल्यात. तू पोचलीस का इचारायला."



"चौदा? मग पुरायची न्हाय," मालुबाई म्हणाल्या. "गूळ घाला."