करांगसारीची पहिली तक्रार

"करांगसारीतून वर्षभरात किती तक्रारी?" ठाणेदार हेर्मावान यांनी हवालदार मुर्योनोला विचारलं.

"एकही नाही, साहेब," मुर्योनो छाती पुढे काढून म्हणाला. चार वर्षं हे गाव त्याच्याकडे होतं. राहायचाही तो गावातच, आणि गावात लग्न असलं की मांडवाबाहेर उभं राहून पाहुण्यांच्या गाड्या लावून देणं हेही त्याच्याचकडे असायचं. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"का? तिथे चोर नाहीत?"

"आहेत की, साहेब. भरपूर आहेत."

"मग तक्रार का नाही? कारण लोकांचा आपल्यावर विश्वास नाही. वरून हुकूम आलाय, पोलिसांवरचा विश्वास वाढला पाहिजे, आणि तो तक्रारींवरून मोजणार आहेत. शुक्रवारपर्यंत करांगसारीतून एक तरी तक्रार येऊ दे. खरी, आपल्या पायांनी चालत आलेली. नाहीतर तुझी बदली बेटावर."

बेटावर बोट जायची आठवड्यातून एकदा, तीही समुद्राची मर्जी असेल तर. एरवी मुर्योनो गेलाही असता, मासे खाऊन सुखात राहिला असता. पण त्याच्या बायकोला, सुलास्त्रीला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले होते आणि पुढच्याच महिन्यातली तारीख होती. हे बाळंतपण मोठ्या इस्पितळातच व्हायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. बेटावर इस्पितळ सोडा, धड सुईणसुद्धा नव्हती. तिला एकटीला मागे ठेवावं तर मागे तिचं दुसरं होतं कोण?

खरं तर चोऱ्यांना काही तोटा नव्हता. गेल्याच आठवड्यात तुमिजान आजोबांचा कवडा चोरीला गेला होता. अंगणातल्या उंच काठीवर त्याचा पिंजरा चढवायचा आणि त्याचं घुमणं ऐकत सकाळचा चहा प्यायचा, एवढंच म्हाताऱ्याचं सुख. मुर्योनो थेट त्यांच्याकडे गेला.

"आजोबा, कवडा कुठाय?"

"कुठला कवडा?"

"तुमचा. त्या पिंजऱ्यातला."

"तो पिंजरा रिकामाच असतो."

"मग काठीवर कशाला चढवलाय?"

"वारा लागावा म्हणून."

"आजोबा, परवा तुम्ही ढसाढसा रडत होता. मी स्वतः तुम्हाला पाणी आणून दिलं."

"कांदा चिरत होतो." म्हाताऱ्याने मग त्याच्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. "हवालदार, तुम्ही फार चांगले आहात हो. पण ठाण्यात गेलं की विचारणार, संशय कोणावर? नाव कोणाचं घेऊ? ज्याचं घेईन त्याच्याच शेजारी मला मशिदीत बसायचंय. बरं, समजा कवडा सापडला. तो पुरावा म्हणून तुम्ही ठाण्यात ठेवणार. तिथे तो घुमेल का? त्यापेक्षा चोराच्या घरी बरा आहे. चोराला निदान पाखरांची हौस असेल."

मुर्योनोने तोंडदेखला चहा घेतला आणि उठला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ज्यांचं ज्यांचं काही चोरीला गेलंय त्यांना हवालदार शोधतोय. पोलीस कोणाला शोधतोय आणि तेही त्याच्या भल्यासाठी, हे काही गावाच्या पचनी पडेना. सायकल गेलेल्या सित्रीने बहिणीची सायकल आणून अंगणात उभी केली आणि मुर्योनो येताना दिसला की ती फडक्यानं पुसायला लागली. पाण्याचा पंप गेलेला पारजो तर पुरता घाबरला. "पंप? पंप मी मशिदीला दान केला," असं तो बोलून गेला. ते मशिदीच्या मंडळींच्या कानावर गेलं, मंडळी हात जोडून आभार मानायला आली आणि पंप केव्हा पाठवता म्हणून विचारू लागली. पारजोला शहरात जाऊन नवाकोरा पंप आणून द्यावा लागला. त्यानंतर मुर्योनो समोरून आला की तो सरळ भाताच्या खाचरात उतरू लागला.

गुरुवारी दुपारी मुर्योनो ताटावर बसला, पण नुसता भात चिवडत राहिला.

"सुलास्त्री, मी वाईट पोलीस आहे का गं?"

"नाही हो. तुम्ही चांगलेच आहात. पोलीस आहात, एवढंच."

"मी कोणाकडून कधी केळंसुद्धा फुकट घेतलं नाही."

"म्हणून तर लोक तुम्हाला लग्नाला बोलावतात. ठाणेदारांना बोलावतात का?"

मग त्याने बेटाचं सांगितलं. चार दिवस त्याने ते मनात दाबून ठेवलं होतं. सुलास्त्रीने ताट उचललं आणि पिशवी घेऊन बाजाराला निघाली. पण भाजीवालीकडे पालकाची जुडी हातात घेतली आणि तिचा बांध फुटला. सरपंचबाई शेजारीच मिरच्या निवडत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

करांगसारी गाव मायाळू आहे, हे कोणीही सांगेल. तासाभरात सगळे सरपंचबाईंच्या ओसरीवर जमले. उकडलेल्या शेंगा आल्या, गोड चहा आला. या गावात हात वर करून काही ठरत नाही. सगळ्यांच्या माना डोलेपर्यंत बोलत राहायचं अशी रीत आहे. आपला हवालदार जाता कामा नये, यावर पहिल्याच कपात माना डोलल्या. पुढचा एक मुद्दा मात्र सुटता सुटेना, आणि शेंगांची दुसरी टोपली आणावी लागली.

शुक्रवारी नमाजानंतर मुर्योनो ठाण्याच्या खिडकीशी बसला होता. बाहेर बघतो तर सगळं गाव येत होतं. पुरुषांनी लग्नातले बाटिकचे सदरे घातले होते, पुढे सरपंचबाई, त्यांच्यामागे केळ्यांचा घड घेतलेली सित्री, आणि पारजोच्या खांद्यावर हात ठेवून तुमिजान आजोबा. मुर्योनोने स्वतः सगळ्यांना खुर्च्या मांडून दिल्या, आजोबांना धरून आत पोचवलं आणि दाराबाहेर डोळे पुसत उभा राहिला.

थोड्या वेळाने ठाणेदारांनी त्याला आत बोलावलं.

"विश्वास वाढलाय. कवड्याची तक्रार आली. वर कळवलंसुद्धा मी," ठाणेदार म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. "संशयित म्हणून तुझं नाव आहे."

मुर्योनोने आजोबांकडे पाहिलं. आजोबा प्रसन्न हसले.

"नाव द्यावंच लागतं ना हो. काल त्याच्यावरच गाडी अडली होती. गावातल्या कोणाचं घ्यावं तर त्याचं मन दुखणार. परक्याचं घ्यावं तर तो येऊन उट्टं काढणार. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, जो मनाला लावून घेणार नाही, डूख धरणार नाही, डोळे मिटून ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा माणूस गावात एकच आहे. सगळ्यांच्या माना डोलल्या."

"आजोबा, तक्रार मागे घ्या."

"मागे घेतली तर तुमची बदली होईल की."

"आता घेताही येणार नाही," ठाणेदार म्हणाले. "मुर्योनो, वर्दी जमा कर. चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही आणि तालुका सोडायचा नाही."

"म्हणजे बेटावर..."

"आरोपीला बेटावर कसा पाठवू?"

"घाबरू नका," सरपंचबाई दारातून म्हणाल्या. "आम्ही सगळे साक्ष द्यायला येऊ."

"माझ्या बाजूनं?"

"तक्रारीच्या बाजूनं. गावाचा शब्द खोटा कसा पडू द्यायचा?"

मोठ्या इस्पितळात मुलगी झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप घरी आल्या. चौकशीचं अजून कोणी नाव काढलेलं नाही. पगार अर्धा झाला आणि मुर्योनो लुंगी लावून ओसरीवर पाळणा हलवत बसू लागला. आपली पोलिसातली इतकी वर्षं फुकट गेली असं त्याला वाटायचं आणि तो तसं बोलूनही दाखवायचा.

एका सकाळी सित्री आली. इकडेतिकडे बघून पायरीवर टेकली. "मुर्योनोदादा, माझी सायकल गेली हो," ती हळूच म्हणाली आणि कोणी नेली, कशी नेली, कुठे विकली, सगळं सांगून मोकळी झाली. तिच्यामागून पारजो पंपाचं घेऊन आला. मग रोज कोणीतरी येऊ लागलं. चोर कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, सांगायला तेवढा माणूस मिळाला नव्हता.

"तुमच्यावर विश्वास आहे म्हणून बोललो," उठताना पारजो म्हणाला. "पोलिसांपर्यंत जाऊ देऊ नका हं."

"छे," मुर्योनो पाळण्याला झोका देत म्हणाला. "पोलिसांचा काय भरवसा."