मथळ्यात न मावलेला शब्द

एका जंगलात एक अस्वल राहत होतं, आणि त्याला शुगर होती. हसू नका रे! मध कोण खातं, तुम्ही की ते?

अस्वलाचं नाव केशोबा. अंगठ्याला काटा लागल्याचं निमित्त झालं आणि जखम काही भरेना. घुबड वैद्यबुवांनी पाय उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "केशोबा, मध बंद. नाहीतर पाय जाईल."

पाय जाईल! केशोबाची बायको गोदाक्का हिने घरातलं मधाचं मडकं उचललं आणि नदीत रिकामं केलं. केशोबा काठावर बसून लहान पोरासारखा रडला. पण पथ्य पाळलं हं त्याने. नाक दाबून कारल्याचा रस प्यायला. जखमेवर खपली धरू लागली.

आणि एका सकाळी 'दैनिक डरकाळी' आला. पहिल्याच पानावर, म्हाताऱ्या हत्तीलाही चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या अक्षरांत मथळा होता: मधाने साखर उतरते!

केशोबाने मथळा पुन्हा पुन्हा वाचला. त्याचा मुका घेतला. खालची बातमी वाचायची त्याला काही गरज वाटली नाही.

"अगं, ऐकलंस का? छापून आलंय!"

"कोण म्हणतं?" गोदाक्काने विचारलं.

"कोण म्हणतं काय? पेपर म्हणतो!"

"आणि वैद्यबुवा?"

"त्यांचं नाव कधी आलंय का पेपरात?"

केशोबा तडक गेला तो माकडाच्या मधाच्या गाडीवर. खाल्लं, चाटलं, बोटं चोखली. औषध म्हणून बरं का, आवडीने नाही. औषध रोज चाललं. मग पाय सुजला, काळानिळा पडला, आणि केशोबा जो आडवा झाला तो उठेचना.

गोदाक्काच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ती थेट 'डरकाळी'च्या कचेरीत घुसली. संपादक कोल्होबा टेबलाखाली गेले.

"वहिनी, रागावू नका," ते खालूनच म्हणाले. "आमच्या बातमीदार साळुंकीने बरोबर लिहिलं होतं. 'मधाने म्हणे साखर उतरते.' मथळ्यात जागा पुरेना. एकच शब्द काढला हो, तोही बारका!"

"आणि साळुंकीला कोण म्हणालं?"

"गाडीवरचं माकड."

गोदाक्काने नुसता पंजा उगारला. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापून आलं: 'मागे आलेल्या मधाच्या बातमीत म्हणे हा शब्द राहून गेला. शुगर असलेल्यांनी मध खाऊ नये.'

तिने तो अंक नवऱ्याच्या नाकासमोर धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाचा! आता तरी वाचा! पाय जातोय हो तुमचा!"

केशोबाने वाचलं. अगदी शेवटपर्यंत वाचलं. कोणी लिहिलंय ते पाहिलं, कशावरून लिहिलंय ते पाहिलं, पान उलटून मागची बाजूही पाहिली. मग अंक बाजूला ठेवला.

"तू पण ना! अगं, हे पेपरवाले वाट्टेल ते छापतात. जा, मध आण."

तात्पर्य : आरोग्याची बातमी गोड असेल तर नुसता मथळा पुरे. कडू निघाली, तरच ती कोणी आणि कशावरून दिली याची कसून चौकशी करावी. चिकित्सक वाचक म्हणतात तो हाच.