राऊतकाकांची कुरुलताई

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत 'सर्वसाधारण सभा' अशी नोटीस लागली, की राऊतकाका ते शब्द लाल पेनाने खोडतात आणि वर लिहितात, 'कुरुलताई'. म्हणजे मंगोल सरदारांची सभा. खान निवडायचा असो की लढाईला निघायचं असो, सगळे जमल्याशिवाय ठराव नाही.

शहाडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस मंगोलांबद्दल घरच्या माणसांसारखा बोलतो. मला उशीर झाला की ऐकवणार, त्यांचा निरोप्या चौकीचौकीला घोडा बदलत चीनहून इराण गाठायचा, आणि तुला शीळफाट्याची कोंडी पार होत नाही. एकदा मी फटकन म्हणालो, शहरंच्या शहरं कापली त्यांनी, कौतुक कसलं करता? काका चिडले नाहीत. "कापली. मग त्याच रस्त्यांनी व्यापारी गेले, वैद्य गेले. तू पत्रकं काढतोस ना? दोन्ही छाप."

पत्रकं मी काढतोच. यंदाचं काढलं ते काकांवर.

इमारत धोकादायक ठरलेली. दुसऱ्या मजल्यावर स्लॅबचा तुकडा पाळण्याशेजारी पडला; बाळ थोडक्यात वाचलं. चोवीसपैकी तेवीस घरांची पुनर्विकासाला संमती. बिल्डरला सगळ्यांच्या सह्या हव्या; अडलं राऊतांपाशी. घर बापलेकांच्या नावावर, लेक कॅनडात. काकांचं एकच, "निखिल आल्याशिवाय ठराव नाही." मी छापलं: एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी चोवीस कुटुंबांनी मरायचं का? नावासकट. जिन्यात चिकटवलं.

मग निखिलला फोन लावला, झापायलाच. तो गोंधळला. संमतीपत्र सही करून त्याने केव्हाच कुरियरने पाठवलेलं. "बाबांना मिळालंय ते. यायला जमणार नाही हेही सांगितलंय. आई गेली तेव्हाही नाही जमलं रे."

मी तसाच काकांकडे गेलो. संमतीपत्र दडवून ठेवलंत, म्हणालो. त्यांनी कपाटातून पाकीट काढलं. फोडलेलं.

"मोठा खान मेला ना, तेव्हा त्यांची फौज पार हंगेरीत होती. पुढे युरोप मोकळा पडलेला. बातमी पोचली, तशी माघारी फिरली. सगळं टाकून."

पाकीट माझ्या हातात देत काका म्हणाले, "त्या बाळाच्या आईला सांग, चुकलं माझं."

पत्रक मीच खरवडून काढलं. खळ चांगली होती, डाग राहिला.

रविवारी सभेत इतिवृत्ताची वही माझ्याकडे होती. काकांनी सही केली, मग वाकून हळूच विचारलं, "निखिलच्या नावापुढे 'हजर' लिहिशील?"

खोट्या हजेरीवरून मी सरकारी कचेऱ्या दणाणून सोडल्यात. त्या दिवशी 'निखिल राऊत'पुढे 'हजर' लिहिलं, आणि खाली माझीच सही ठोकली.